आजोळचा पाळणा आणि सहा सेंटिमीटरची फट

नाशिकमध्ये पहिल्या बाळासाठी पाळणा मागून आणायची पद्धत अजून टिकून आहे. बारशाच्या आधी तो आजोळच्या माळ्यावरून खाली उतरतो, नाहीतर सिडकोतल्या नणंदेकडून टेम्पोत येतो. हल्ली ओएलएक्सवरून घेतलेला, चाकं असलेला बेबी कॉटही येतो. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते: दांड्यांमधलं अंतर मोजा, गादीच्या कडेला दोन बोटं जातात का बघा, उशी नको, बंपर (कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या) काढा. यादी बरोबर आहे. पण तिच्यातली बहुतेक कलमं अमेरिका-युरोपातल्या बाळपलंगांवर झालेल्या मृत्यूंमधून आलेली आहेत, आणि आपला पाळणा मुळात वेगळ्याच हिशोबाने बांधलेला होता.

पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांमधला पाळणा सागवानी. चार कातीव खुंट, भोवती कातीव दांड्यांचा कठडा, वर तांबडा-पिवळा-हिरवा रंग आणि टांगायला पितळी साखळ्या. माजघराच्या तुळईला कडी ठोकलेली असायची. कठड्यातून मूठ सहज जाईल एवढी फट असली तरी कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण पाळण्याची दोरी कुणाच्या तरी हातात नाहीतर पायाच्या अंगठ्यात असायची. आजी तांदूळ निवडता निवडता झोका द्यायची. रात्री बाळ आईच्या कुशीत. पाळणा ही दिवसाची, पहाऱ्यातली जागा होती, आणि बाळ उठून बसायला लागलं की तो माळ्यावर जायचा.

पाश्चात्त्य बाळपलंगावर बाळाने रात्रभर, पुष्कळदा वेगळ्या खोलीत, एकट्याने झोपायचं असतं. त्यामुळे तिथे फटीचं माप जिवावर बेततं. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग स्थापन झाला आणि १९७३ मध्ये त्याने बाळपलंगांचे नियम काढले. दोन दांड्यांमधलं अंतर सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, हा त्यातलाच. त्याहून मोठ्या फटीतून तान्ह्या बाळाचं धड पायांकडून सरकत बाहेर जातं, डोकं मात्र आत अडकतं आणि बाळ मानेवर लटकतं. युरोपच्या मानकात ही मर्यादा साडेसहा सेंटिमीटर आहे. तिथे खालचीही मर्यादा आहे, साडेचार, कारण त्याहून अरुंद फटीत हातपाय अडकतात.

नाशकात तोवर सातपूरचे कारखाने सुरू झाले होते, पुढे अंबड आणि सिडको उभं राहिलं. त्या छोट्या घरांत तुळई कुठली? स्लॅबला पंख्याचा हूक तेवढा. मग लोखंडी पाइपच्या स्टँडचा पाळणा आला, जाळीचा आला, स्प्रिंगवर टांगायची झोळीही आली. यांना सहा सेंटिमीटरचं माप लावून फारसं काही हाती लागत नाही. तिथे बघायचा तो वेल्डिंगचा जोड, स्टँडच्या पायांची बुचं, जाळीचा उसवलेला काठ आणि झिजलेला हूक.

चाकांच्या कॉटचं दुखणं निराळं. त्यातल्या बऱ्याच जुन्या मॉडेलांची एक बाजू खाली-वर सरकते. वाकायला लागू नये म्हणून केलेली ही सोय, आणि ओल्या बाळंतिणीला तिचं मोल वेगळं सांगायला नको. पण ती बाजू प्लॅस्टिकच्या छोट्या खिट्ट्यांवर धरलेली असते. खिट्टी तुटली, किंवा कॉट खोलून पुन्हा जोडताना एखादा स्क्रू राहिला, की बाजू एका टोकाने सुटते. गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट पडते, बाळ त्यात घसरतं आणि गुदमरतं. अमेरिकेत २००७ मध्ये एकाच कंपनीचे सुमारे दहा लाख पलंग परत मागवले गेले. त्यातल्या काही मॉडेलांची बाजू उलटी बसवली तरी बसत असे. २००९ मध्ये दुसऱ्या कंपनीचे अमेरिका आणि कॅनडात मिळून २१ लाख. अखेर २८ जून २०११ पासून असे पलंग तिथे विकायलाच बंदी आली, जुनेसुद्धा. म्हणजे वापरलेल्या कॉटवर पोराच्या नावाचा स्टिकर लावण्याआधी उत्पादनाच्या तारखेचा शोधावा. आणि स्क्रूची पुडी हरवलेली असेल तर घासाघीस न करता सौदा सोडून द्यावा, असं मला वाटतं.

नियम झाला तरी वस्तू घराघरांत राहतेच. १९९८ मध्ये शिकागोतल्या एका पाळणाघरात डॅनी कीसर हे दीड वर्षाचंही नसलेलं मूल घडीच्या पलंगात दगावलं. तो पलंग पाच वर्षांपूर्वीच परत मागवलेला होता, पण पाळणाघराला त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून २००८ च्या अमेरिकी कायद्यात त्याच्या नावाचं कलम आलं. बाळाच्या टिकाऊ वस्तूंबरोबर नोंदणीचं कार्ड देणं त्यामुळे सक्तीचं झालं. मागून आणलेल्या पाळण्याला असं कार्ड कुठून येणार?

अंथरुणाचा इतिहास आणखी वेगळा. पश्चिमेत कित्येक दशकं बाळाला पालथं झोपवायचा सल्ला दिला जाई. १९८७ मध्ये नेदरलँड्सने, १९९१ मध्ये ब्रिटनने तो फिरवला. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांनी १९९२ पासून पालथं झोपवू नका असं सांगितलं, आणि झोपेतले अचानक मृत्यू पुढे निम्म्यावर आले. आपल्या आज्या डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीच्या उशीवर बाळाला उताणंच ठेवत, कारण भलतं असलं तरी! उशी मात्र आता पहिलं वर्षभर नकोच म्हणतात. कडेचे गुबगुबीत बंपर मुळात मोठ्या फटी झाकायला आले, फटी लहान झाल्यावर शोभेसाठी राहिले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत कायद्याने गेले.

नाशकात खरा वाद होतो तो गोधडीवरून. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा बाळाच्या अंगावर पांघरूण घालू नका असं सासूबाईंना सांगायचं धाडस कोण करणार? अंगात एक जादा झबलं, पायमोजे आणि खाली कडक गादी, हा त्यातला तोडगा. जुन्या लुगड्याची गोधडी फार मऊ असते, पण धावदोरा सुटलेला असतो. त्याचे फासे बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळले जातात, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते पाय उघडून बघेपर्यंत कळत नाही. उजेडात धरून प्रत्येक सुटा दोरा कापायला दहा मिनिटं पुरतात.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. पाळण्यावर टांगलेला खुळखुळा त्यात येतो, खालचा पाळणा येत नाही. रंगाचा नियम मात्र उपयोगी आहे: १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या ऑइलपेंटची खात्री नाही, आणि दात येणारं बाळ आधी कठड्याची कडच चावतं. बारशाच्या गडबडीत हौसेने घरीच सँडपेपर मारला की तोच भुगा खोलीभर उडतो. हे काम सुताराकडे द्यावं, घराबाहेर करून घ्यावं, आणि नवा रंग पुरता वाळल्याशिवाय पाळणा आत आणू नये.