पाकिटावरचं ‘ईओ’, ‘आर’ आणि थर्मामीटर

डायलायझर, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गाळणारी नळकांडी; तिच्या पाकिटावर चौकटीत ‘स्टराइल’ छापलेलं असतं. शेजारी कधी ‘ईओ’, कधी ‘आर’, कधी छोटा थर्मामीटर. जंतू कशाने मारले ते यावरून कळतं: इथिलीन ऑक्साइड वायूने, किरणोत्सर्गाने की उष्णतेने. बडोद्याच्या रावपुरा-दांडिया बाजारातला पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो, दर वेळी चारेक तास त्याचं रक्त या प्लास्टिकमधून फिरतं. जंतू मेले, पण मारणाऱ्याने मागे काय ठेवलं, हे म्हणूनच पाहावं लागतं.

इथिलीन ऑक्साइड पीव्हीसीच्या नळ्यांना सोयीचा, कारण फार तापवावं लागत नाही. अडचण डायलायझरच्या टोकांशी आहे. तिथे रक्त वाहून नेणारे हजारो केसासारखे पोकळ धागे पॉलियुरेथेन या प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेले असतात. ते पॉलियुरेथेन हा वायू शोषून धरतं आणि मग सावकाश सोडत राहतं. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला तो चिकटला, की काहींचं शरीर त्या जोडीविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीची, प्रतिपिंडं तयार करतं. पुढच्या एखाद्या खेपेला मशीन सुरू होताच खाज, धाप, रक्तदाब कोसळणं. 1980च्या दशकात अशा रिॲक्शनची बरीच चर्चा झाली. सुरुवातीला होणारं प्रायमिंग, म्हणजे नळ्या आणि डायलायझर सलाइनने भरून धुणं, फक्त हवा काढायला नसतं; उरलेला वायूही त्यातच धुतला जातो. घाईत ते उरकणं मला तरी धोक्याचं वाटतं.

गॅमा किरण बडोद्याला नवे नाहीत. गाजरावाडीत 1992मध्ये सांडपाण्याचा गाळ कोबाल्ट-60च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला सुरुवात झाली. वैद्यकीय वस्तूंना साधारण 25 किलोग्रे मात्रा देतात. वस्तू किरणोत्सर्गी होत नाही, वायूही उरत नाही. मात्र प्लास्टिकच्या रेणूसाखळ्या तुटतात. पीव्हीसी पिवळं पडतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. अशी नळी पुन्हा इथिलीन ऑक्साइडमध्ये ठेवली तर विषारी क्लोरोहायड्रिन बनतं. एकदा किरण दिलेल्या पीव्हीसीला पुन्हा हा वायू देऊ नये, ते यासाठी.

किरणोत्सर्गाच्याच दुसऱ्या प्रकाराची, इलेक्ट्रॉन झोताची, गोष्ट वेगळीच निघाली. असे डायलायझर वापरणाऱ्या काही पेशंटच्या प्लेटलेट डायलिसिसनंतर घटल्याचं कॅनडातल्या अभ्यासात दिसलं. तो 2011 साली प्रसिद्ध झाला.

वाफेचं काम सरळ: 121 अंश, मागे पाणीच. डायलायझरच्या धाग्यांसाठी वापरतात ते पॉलिसल्फोन हे सोसतं, सगळी प्लास्टिकं नाही. निवड असेल तर माझं मत वाफेला.

पहिल्या काही मिनिटांत खाज किंवा धाप लागली तर टेक्निशियनला लगेच सांगावं. नंतर डायलायझरचं नाव आणि ‘ईओ’ की ‘आर’ हे फाइलवर लिहून घ्यावं. मुलाकडे पुण्याला गेलात, की सेंटर बदलतं आणि डायलायझरही.