स्पर्शसंवेदी चित्रभिंत

स्पर्शसंवेदी चित्रभिंत : अनेक दृश्यपटल एकमेकांना खेटून बसवून त्यांवर एकसंध चित्र उमटवणारी आणि बोटांच्या स्पर्शाने चालणारी मोठी प्रदर्शन-व्यवस्था. व्यवहारात तिला ‘टच व्हिडिओ वॉल’ किंवा नुसते ‘टच वॉल’ म्हणतात. मोटारींची दालने, गृहप्रकल्पांची विक्रीकेंद्रे, कंपन्यांचे स्वागतकक्ष, व्यापारी प्रदर्शनांतील स्टॉल, वस्तुसंग्रहालये आणि दूरचित्रवाणीचे स्टुडिओ येथे ती प्रामुख्याने आढळते. सभागृहातील एकपटली स्पर्शफळ्याहून ती वेगळी मानली जाते, कारण तिच्यासमोर एकाच वेळी अनेक माणसे उभी राहून स्वतंत्रपणे काम करू शकतात आणि त्याच वेळी लांबून पाहणाऱ्यांसाठीही ती चित्र म्हणून उपयोगी पडते.

उगम : या साधनात दोन निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली परंपरा भिंतीची. 1967 च्या माँट्रिऑल येथील जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या मंडपात रंगमंच-रचनाकार योसेफ स्वोबोदा यांनी 112 चौकोनी खोक्यांची एक भिंत उभारली होती. प्रत्येक खोक्यात पारदर्शिका दाखवणारे दोन प्रक्षेपक असून सगळी खोकी मिळून कधी एक मोठे चित्र, तर कधी अनेक सुटे तुकडे दिसत. पुढे दूरचित्रवाणी संचांच्या रचलेल्या भिंती आणि वीजपुरवठा, रेल्वे, वाहतूक यांच्या नियंत्रणकक्षांतील पश्चप्रक्षेपण घनांच्या (पडद्यावर मागून चित्र टाकणाऱ्या खोक्यांच्या) भिंती हा याच मार्गावरचा टप्पा होय. या भिंती केवळ पाहण्यासाठी होत्या. त्यांवरील चित्र बदलण्याचे काम टेबलाशी बसलेला चालक करीत असे.

दुसरी परंपरा स्पर्शपटलाची असून तिचा आद्य संशोधक कोण याविषयी एकमत नाही. इंग्लंडमध्ये मॅल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधील ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये एका छोट्या शोधटिपणात आणि 1967 मध्ये सविस्तर लेखात विद्युत् धारितेवर (विद्युत् भार साठवण्याच्या क्षमतेवर) आधारलेल्या स्पर्शपटलाचे वर्णन केले. विमानवाहतूक नियंत्रकाने कळफलकावर सांकेतिक अक्षरे टंकण्याऐवजी पडद्यावरील नोंदीलाच बोट लावावे, हा त्यामागील हेतू होता. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत बेंट स्टुम्पे यांनी 11 मार्च 1972 च्या हस्तलिखित टिपणात अशीच योजना मांडली. काचेवरील तांब्याच्या पातळ थरात कोरलेली धारित्रे (कपॅसिटर) आणि त्यांवर ठरावीक जागी उमटणारी, पण अर्थ बदलता येणारी बटणे असे तिचे स्वरूप होते. फ्रँक बेक यांच्यासह त्यांनी 1973 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला आणि 1976 मध्ये कार्यान्वित झालेल्या सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षात ती वापरात आली. अमेरिकी लेखक बहुधा केंटकी विद्यापीठातील सॅम्युएल हर्स्ट यांचे नाव घेतात. परंतु हर्स्ट यांचे 1971 च्या सुमाराचे साधन अपारदर्शक होते व त्याचे पारदर्शक रूप नंतरचे आहे. प्रसिद्धीच्या तारखा पाहता अग्रमान जॉन्सन यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. स्टुम्पे यांचे काम त्यापासून स्वतंत्रपणे झाले असावे.

चित्रभिंतीच्या दृष्टीने मात्र या तिघांहूनही इलिनॉय विद्यापीठाची ‘प्लेटो 4’ ही 1972 ची संगणकीय शिक्षणप्रणाली अधिक जवळची आहे. तिच्या प्लाझ्मा पटलाच्या कडांवर अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे) दिवे व प्रकाशग्राही बसवून 16×16 घरांची अदृश्य जाळी केलेली होती आणि बोटाने किरण अडला की त्या घराची निवड होई. आज मोठ्या भिंतींवर बसवली जाणारी अवरक्त चौकट याच तत्त्वावर चालते, ही गोष्ट सामान्यतः दुर्लक्षित राहते.

एकापेक्षा अधिक बोटे एकाच वेळी ओळखण्याच्या कार्याचा आरंभ सामान्यतः टोरोंटो विद्यापीठातील निमिष मेहता यांच्या 1982 च्या प्रबंधापासून धरतात. त्यात धूसर काचेमागे कॅमेरा ठेवून बोटांच्या छाया टिपल्या जात. या क्षेत्राची प्रचलित कालानुक्रमणी मुख्यतः संशोधक बिल बक्स्टन यांनी संकलित केलेली असून ते स्वतः टोरोंटोच्या गटातले होते, हे तिचा उपयोग करताना लक्षात ठेवावे. तरीही तीमधील मुख्य नोंदी ग्राह्य धरण्यास हरकत नाही. प्रत्यक्ष भिंतीच्या आकाराचे व बोटांनी चालणारे साधन म्हणून नोबुयुकी मात्सुशिता आणि जुन रेकिमोटो यांनी जपानमध्ये 1997 मध्ये सादर केलेल्या ‘होलोवॉल’चा उल्लेख करावा लागतो. काचेच्या भिंतीवर मागून चित्र टाकायचे, मागूनच अवरक्त प्रकाश सोडायचा आणि काचेजवळ आलेल्या हातावरून परावर्तित झालेला प्रकाश कॅमेऱ्याने टिपायचा, अशी ती योजना होती.

लोकप्रिय लेखनात या साधनाचे श्रेय न्यूयॉर्क विद्यापीठातील जेफरसन हॅन यांना दिले जाते. ॲक्रिलिकच्या तावाच्या कडेतून आत सोडलेला अवरक्त प्रकाश संपूर्ण आंतरिक परावर्तनामुळे आतच खेळत राहतो. बोट टेकताच त्या जागी परावर्तन भंगून प्रकाश बाहेर विखुरतो आणि मागील कॅमेऱ्याला ठळक ठिपका दिसतो. हॅन यांचा 2005 चा शोधनिबंध आणि त्यानंतरचे 2006 चे जाहीर प्रात्यक्षिक यांमुळे ही पद्धत सर्वतोमुखी झाली, पण तत्त्व जुने आहे. याच परिणामावर आधारलेली अमेरिकी पेटंटे 1972 व 1984 मधील आहेत. हॅन यांचे खरे कार्य पद्धत स्वस्त व मोठ्या आकारास योग्य करण्यात आहे आणि ते कमी लेखता येत नाही. त्यांच्या पर्सेप्टिव्ह पिक्सेल या कंपनीचे पटल 2008 च्या अमेरिकी निवडणूक-वार्तांकनात सीएनएन वाहिनीवर जॉन किंग यांनी वापरले आणि नकाशावर बोट फिरवून बोलणारा निवेदक हे दृश्य जगभर रूढ झाले. ही कंपनी 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली.

रचना व तंत्र : सध्याच्या भिंतीत तीन भाग असतात, दृश्यपटल, स्पर्शवेधक आणि चित्राची विभागणी करणारा संगणक. द्रवस्फटिकी (एलसीडी) पटलांपैकी 55 इंची पटल बरेच रूढ आहेत. असे चार आडवे व तीन उभे, एकूण 12 पटल घेतल्यास सुमारे 4.84 मी. रुंद व 2.04 मी. उंच भिंत होते आणि प्रत्येक पटल 1920×1080 चित्रबिंदूंचा (पिक्सेलचा) असल्यास एकूण बिंदू सुमारे 2.49 कोटी भरतात. दोन पटलांमधील काळी रेघ पूर्वी काही सेंटिमीटर असे, ती आता 1 ते 2 मिमी. किंवा त्याहूनही कमी झाली आहे. एलईडी घटकांच्या भिंतीत ही रेघ राहत नाही. तथापि उघडे एलईडी बोटांच्या दाबाने व घर्षणाने निखळतात, म्हणून स्पर्शासाठी त्यांवर पारदर्शक राळेचे आवरण असलेले प्रकार घ्यावे लागतात.

स्पर्शवेधनाच्या पद्धतींपैकी धारिता-पद्धत लहान पटलांवर सर्वोत्तम असली, तरी आकार वाढतो तसा पारदर्शक वाहक थराचा रोध वाढून संकेत मंदावतो. त्यामुळे मोठ्या पटलांसाठी अतिसूक्ष्म धातुतारांची जाळी वापरावी लागते आणि खर्च चढतो. यामुळे भिंतींवर अवरक्त चौकटच अधिक दिसते. तिच्यात दोन अडचणी मूळच्याच आहेत. एक, आडव्या-उभ्या किरणांच्या साध्या जाळीत दोन बोटे टेकली तर चार छेदनबिंदू मिळतात व त्यांतील दोन खोटे असतात. यावर उपाय म्हणून तिरके किरणही तपासले जातात. दुसरी, किरण काचेपासून काही मिलिमीटर पुढून जात असल्याने बोट टेकण्याआधीच स्पर्श नोंदला जातो आणि सैल बाही, साडीचा पदर, क्वचित काचेवर बसलेली माशीसुद्धा स्पर्श म्हणून धरली जाते. वास्तूच्या दर्शनी काचेजवळ भिंत असेल, तर उन्हातील अवरक्त प्रकाशाने वेधक आंधळे होतात. म्हणून जागा ठरवताना दुपारचे ऊन कोठवर येते हे पाहणे आवश्यक असते. फार लांब भिंतींसाठी कडेला लेसर क्रमवीक्षक (स्कॅनर) बसवून काचेलगतचे प्रतल तपासण्याची पद्धतही आहे.

दोन अंतरांचा प्रश्न : चित्रभिंत लांबून पाहण्यासाठी असते आणि स्पर्श हाताच्या अंतरावरूनच होतो. बहुतेक फसलेल्या मांडण्यांचे मूळ या विसंगतीत सापडते. वर उल्लेखिलेल्या 55 इंची पटलावर दोन चित्रबिंदूंमधील अंतर सुमारे 0.63 मिमी. असते. निरोगी डोळ्याची भेदनक्षमता सुमारे 1 कलाकोन (अंशाचा साठावा भाग) धरली, तर हे बिंदू सुमारे 2.2 मी. अंतरापलीकडे एकजीव दिसू लागतात. अर्ध्या-पाऊण मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ते सुटे दिसतात आणि बारीक अक्षरांच्या कडा करवती भासतात. शिवाय इतक्या जवळून त्याला जेमतेम दीड-दोन मीटरचा पट्टा नीट दिसतो. म्हणून संगणकीय कार्यक्रमाची बटणे भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात ठेवणे, किंवा एका माणसाने काही उघडल्यावर सगळी भिंत व्यापून टाकणे, हे दोष ठरतात. हात खांद्याच्या उंचीवर धरून काम केल्याने येणारा थकवा 1980 नंतरच्या दशकापासून नोंदला गेला आहे. त्यामुळे भिंतीवरील संवाद काही मिनिटांतच संपेल असा आखावा लागतो.

या प्रश्नाचा एक मार्ग 2012 मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागात उघडलेल्या ऑडी सिटी या दालनात दिसतो. तेथे मोटारीचा रंग व भाग निवडण्याचे काम टेबलावरील स्पर्शपटलावर होई आणि मोटार जवळजवळ खऱ्या आकारात भिंतीवर उमटे; म्हणजे स्पर्श आणि भिंत वेगळी केली गेली. दुसरा मार्ग अमेरिकेतील क्लीव्हलँड कलासंग्रहालयाने 2013 मध्ये उघडलेल्या 40 फुटी भिंतीचा. तिच्यावर संग्रहातील 4,100 हून अधिक वस्तूंची चित्रे असून मांडणी थोड्या-थोड्या वेळाने बदलत राहते. एखाद्याने एका चित्राला बोट लावले, तर तेवढ्याच जागेत ते मोठे होते व शेजारच्या माणसाच्या कामात अडथळा येत नाही. आवडलेले चित्र प्रेक्षकाला आपल्या टॅब्लेटवर उतरवून घेता येते. ही भिंत व्यापारी नसली तरी व्यापारी भिंतींच्या रचनाकारांनी तिचा अभ्यास करावा अशी आहे.

प्रेक्षकांचे वर्तन : सार्वजनिक जागेतील अशा भिंतीचा एक काळजीपूर्वक अभ्यास 2007 मध्ये हेलसिंकीत एका दुकानाच्या काचेत बसवलेल्या ‘सिटीवॉल’वर झाला. आठ दिवसांत 1,199 जणांनी ती वापरली. लोक बहुधा गटाने येत. एकाला वापरताना पाहून दुसरा थांबे. एकाने मोठे केलेले छायाचित्र दुसऱ्याच्या छायाचित्रावर येई आणि त्यातून कुरबुर किंवा अनोळखी माणसांत संभाषण सुरू होई. पहिला माणूस पुढे येईपर्यंत भिंत स्पर्शाने चालते हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही, हे निरीक्षण इतर अभ्यासांतही वारंवार आले आहे. त्यामुळे भिंतीजवळ प्रशिक्षित माणूस उभा ठेवणे हा खर्च न मानता व्यवस्थेचाच भाग मानावा.

व्यापारी उपयोग : आदिदास व इंटेल यांनी 2011 च्या आरंभी बुटांची एक स्पर्शभिंत दाखवली, तिच्यावर 8,000 पर्यंत जोड पाहता येतील आणि लहान दुकानालाही मोठ्या दुकानाइतका माल दाखवता येईल, ही कल्पना होती. विक्रीवाढीचे दावे बहुतांशी विक्रेत्यांकडूनच आलेले असल्याने ते जपून घ्यावेत. निवेदकाने वापरायची भिंत, उदा., वृत्तवाहिनीवरील किंवा गुंतवणूकदारांसमोरील, ग्राहकाने स्वतः चालवायच्या भिंतीपेक्षा अधिक टिकून राहिली आहे असे दिसते.

भारतात निवडणूक-निकालांच्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर, तसेच मुंबई-पुण्याच्या गृहप्रकल्पांच्या विक्रीकेंद्रांत ती दिसते. तेथे इमारतीचा मजला निवडला की सदनिकेचा नकाशा व खिडकीतून दिसणारे दृश्य उघडते. 2020 मधील साथीच्या काळात सार्वजनिक पटलांना हात लावणे टाळले गेले व क्यूआर संकेताद्वारे स्वतःच्या फोनवरून भिंत चालवण्याची सोय अनेक ठिकाणी जोडली गेली.

सुगम्यता : चाकाच्या खुर्चीवरील माणसाचा हात भिंतीच्या वरच्या भागास पोहोचत नाही. अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता-मानकांनुसार, मध्ये अडथळा नसल्यास, हाताळायच्या वस्तू जमिनीपासून 15 ते 48 इंचांच्या पट्ट्यात असाव्या लागतात. म्हणून जेथे बोट लावले तेथेच, त्याच उंचीवर सर्व बटणे उघडणे, किंवा सगळी बटणे खालच्या पट्ट्यात आणणारी खूण कायम दिसत ठेवणे, या दोन रीती अवलंबिल्या जातात.