शाळा सुधारणा समिती (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातील सरकारी शाळांच्या कारभारात पालकांना वाटा देणारी समिती. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी भाषक तिला ‘एसडीएमसी’ (स्कूल डेव्हलपमेंट अँड मॉनिटरिंग कमिटी) किंवा ‘शाळा सुधारणा समिती’ म्हणतात. ही नोंद मुख्यतः तेथील सरकारी मराठी प्राथमिक शाळांपुरती आहे.

नाव : कन्नडमधील शासकीय नाव ‘शालाभिवृद्धी मत्तु मेलुस्तुवारी समिती’ असे आहे. अभिवृद्धी म्हणजे विकास, मत्तु म्हणजे आणि, मेलुस्तुवारी म्हणजे देखरेख. यातील ‘उस्तुवारी’ हा बहुधा फारसीतून आलेला शब्द मराठीलाही परका नाही; निगा राखणे या अर्थी ‘उस्तवार करणे’ जुन्या पिढीच्या बोलण्यात होते. ‘सुधारणा’ हा शब्द आधीच्या शाळा सुधार समित्यांवरून चालत आला असावा किंवा ‘अभिवृद्धी’चे सैल भाषांतर असावे. पहिली शक्यता अधिक ग्राह्य वाटते. कसेही असले तरी रूढ मराठी नावातून देखरेखीचा अर्थ गळाला आहे आणि ही केवळ शब्दाची बाब नाही. समिती म्हणजे कुंपण, रंगरंगोटी आणि देणगी गोळा करणारी मंडळी, अशी समजूत त्यामुळे पक्की होते. कायद्याने दिलेला शाळेवर लक्ष ठेवण्याचा अधिकार मागे पडतो.

पूर्वपीठिका : १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे सोपवल्या; त्यांत पालकाला पालक म्हणून जागा नव्हती. १९९० च्या दशकात कर्नाटकात ग्राम शिक्षण समित्या होत्या. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कृतिदलाच्या शिफारशींनंतर २००१ मध्ये आजची समिती आली आणि पालकांनी आपल्यातून प्रतिनिधी निवडण्याची पद्धत सुरू झाली. सीमाभागातील आरंभीच्या निवडींविषयी लिखित साधने तुटपुंजी आहेत.

अधिकार : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील वा पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख, मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा करणे ही तिची कामे. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत समितीची भूमिका केवळ सल्ल्याची ठेवली; २०१४ मध्ये तर हा कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या अनुदानित मराठी शाळांच्या पालकांनी हा फरक लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

समितीत नसलेल्या पालकांसाठी कलम २४ अधिक मोलाचे आहे. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती पालकांना नियमित बैठका घेऊन देणे हे त्यात शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. पालकाने ते हक्काने मागावे.

व्यवहार : मोठी अडचण भाषेची. परिपत्रके कन्नडमध्ये येतात. मुख्याध्यापक कागद हातात धरून एकेक ओळ मराठीत सांगतात, सभेचे इतिवृत्त लिहिले जाते आणि वही सह्यांसाठी फिरते. मागच्या बाकावर बसलेल्या आया पदर सावरून, सांगितलेल्या जागी सही करतात. सही करण्याआधी ‘वाचून दाखवा’ म्हणणारी एखादी असली की बैठक लांबते, पण देखरेख खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते. दुसरी अडचण वेळेची. भांगलण वा ऊसतोडीच्या दिवसांत दुपारची बैठक म्हणजे बुडालेली मजुरी. संध्याकाळी बोलावल्यास आई आणि वडील दोघांनाही येता येते. ज्या पालकांना अक्षरओळख नाही, त्यांनाही मुलाला घरी मोठ्याने धडा वाचायला लावता येतो, तो कुठे अडखळतो हे कानाने टिपता येते आणि तेच बैठकीत बाईंना किंवा गुरुजींना विचारता येते.