घोळीच्या डोक्यातले दोन खडे

आमच्या घरी घोळीच्या डोक्याचं कालवण झालं, की हाडं लगेच टाकायची नाहीत असा नियम आहे. घर सीकेपी, त्यामुळे बडोद्याला समुद्र नसला तरी मासळी बाजाराची वाट लहानथोर सगळ्यांना पाठ. शिजलेली कवटी हलक्या हाताने उघडली की मेंदूच्या खाली, दोन बाजूंना, दोन पांढरे खडे सापडतात. बिरड्यासाठी सोललेल्या वालासारखे दिसतात, पण हातात घेतले की दगडासारखे जड लागतात. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. भाचीने पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिला ते दात वाटले होते. खरं तर तो घोळीचा कान आहे.

माशाच्या अंगात बहुतेक पाणीच, त्यामुळे पाण्यातून येणारा आवाज त्याच्या शरीरातून जवळजवळ अडथळ्याशिवाय आरपार जातो. सगळं अंग पाण्याबरोबरच थरथरतं. हे खडे मात्र चुन्याचे, पाण्याच्या जवळपास तिप्पट घनतेचे. अंग हललं तरी खडा किंचित मागे रेंगाळतो. त्याला टेकलेले बारीक केस त्यामुळे वाकतात आणि मेंदूला आवाज कळतो. असे खडे बहुतेक सगळ्या माशांना असतात, पण घोळ, कोथ, ढोमा यांच्या कुळात ते खास मोठे. कारण हे कूळच बोलक्या माशांचं आहे.

बोलण्याचं साधन पोटात असतं. पाठीच्या कण्याखाली हवेने भरलेली लांबट पिशवी, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं वाताशय. पालघरकडचे कोळी तिला भोत म्हणतात. घोळीची ही पिशवी गाजरासारखी निमुळती असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात. या कुळातल्या माशांत पिशवीच्या दोन्ही अंगांना खास स्नायू असतात, बहुतेक जातींत फक्त नरांना. स्नायू आकसला की पिशवीवर एक थाप पडते. थापांमागून थापा पडल्या की तबल्यासारखा घुमारा निघतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या सर्वांत वेगवान स्नायूंमध्ये हे मोडतात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते खंभातचं आखात पाहिलं की समजतं. साबरमती, मही, नर्मदा, तापी यांचा गाळ तिथे येऊन पडतो. भरती आणि ओहोटीच्या पातळीत 10 मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे तो गाळ सतत ढवळला जातो. आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरला मिळून तिकडेच जाते. चहासारख्या त्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. घोळीची पिल्लं नद्यांच्या मुखाजवळच्या उथळ पाण्यात कोळंबी आणि बारीक मासे खाऊन वाढतात. मोठ्या घोळी चिखलाच्या तळावर, साधारण 60 मीटर खोलीपर्यंत राहतात. अशा गढूळ अंधारात विणीच्या दिवसांत जोडीदार शोधायचा, तर हाक मारायलाच हवी.

या हाका किती मोठ्या असतात? 1942 मध्ये अमेरिकेच्या नौदलाने चेसापीक उपसागरात शत्रूच्या पाणबुड्या ऐकण्यासाठी यंत्रं बसवली, तेव्हा याच कुळातल्या माशांच्या गलक्यात ती निरुपयोगी ठरली. मेक्सिकोच्या कोलोराडो नदीमुखाशी कॉर्विना नावाच्या भाऊबंदांचा मेळा 2014 मध्ये ध्वनिमुद्रित झाला. जवळ आलेल्या डॉल्फिन आणि समुद्रसिंहांच्या कानांना इजा व्हावी इतका तो आवाज मोठा होता.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती यापुढची गोष्ट. ज्या हाकेने घोळी एकत्र येतात, त्याच हाकेने त्या सापडतात. मलेशियाच्या किनाऱ्यावर पाण्यात डोकं घालून मासे ऐकणारे तरबेज कोळी असत. कळप एका जागी जमला की एका फेरीत सगळा जाळ्यात येतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला 157 घोळी मिळाल्या. लिलावात त्यांचे सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आल्याच्या बातम्या होत्या. हा भाव मांसाचा नाही, पिशवीचा. ती वाळवून हाँगकाँग आणि चीनला जाते, सूप आणि औषधासाठी. तिच्यापासून बिअर आणि वाइन निवळण्याचा पदार्थही करतात. नराच्या पिशवीला मादीच्या पिशवीपेक्षा जास्त भाव मिळतो.

म्हणून बंदरावरच पोट फाडून पिशवी वेगळी काढतात. बडोद्यापर्यंत बर्फातून येते ती मुकी झालेली घोळ.

नोव्हेंबर 2023 मध्ये अहमदाबादच्या परिषदेत गुजरातने घोळीला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण याच कुळातला चीनचा बहाबा पिशवीपायी नामशेष होण्याच्या काठावर पोचलाय. मेक्सिकोत तोतोआबा नावाच्या माशाच्या पिशवीसाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून वाकिता नावाची छोटी डॉल्फिनवर्गीय जात दहाच्या आसपास उरली आहे. नुसत्या मानाने घोळीचं काही राखलं जाणार नाही. लहान घोळी पाण्यात राहायला हव्यात.

त्या किती लहान, याचा हिशेब पुन्हा खड्यापाशी येतो. खडा आयुष्यभर थरांनी वाढत जातो, झाडाच्या खोडासारखा. मागच्या महिन्यात मी एक खडा मधोमध तोडला, चिमट्यात धरून गॅसवर तपकिरी होईपर्यंत भाजला, त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि भिंगाखाली धरला. प्रयोगशाळेतही ही रीत वापरतात. गडद-फिकट पट्टे एकाआड एक दिसले. आपल्या उष्ण पाण्यातल्या माशांत ते फारसे ठसठशीत नसतात, म्हणून जाणकार तेच खडे दोन-तीनदा मोजतात. मी तीन मोजले, भाचीने दोन.

घोळ दीड मीटरपर्यंत वाढते. वयात येते तेव्हाच ती पाऊण मीटरच्या पुढे गेलेली असते. गेल्या रविवारी बाजारात मी खिशातली टेप काढून बर्फावर ठेवलेली अख्खी घोळ मोजली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 62 सेंटीमीटर भरली. शेजारी तिच्याच मापाच्या आणखी चार होत्या.