ग्राफाइट रॉड

कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांपासून बनवलेली, टोकाकडे निमुळती होत जाणारी मासे गरवण्याची पोकळ काठी. अमेरिकेतील फेनविक कंपनीने ती १९७३ मध्ये बाजारात आणली. कोकणात चिव्याची (बारीक बांबूची) काठी आणि फायबरग्लासचा रॉड यांच्या जोडीने ती आता खाडीतल्या जिताडा-तांबोशीसाठी आणि खडकावरून गोबऱ्यासाठी वापरतात.

घडण : समांतर तंतू राळेत भिजवून केलेले कापड आखणीप्रमाणे कापतात, निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळतात, वरून प्लास्टिकची फीत ताणून लपेटतात आणि भट्टीत साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला भाजतात. राळ पक्की झाली की सळई ओढून काढतात. उरलेली नळी म्हणजे ब्लँक. लांबीच्या दिशेचे तंतू वाक सोसतात. पण वाकताना नळी चपटी होऊ पाहते आणि तिला गोल ठेवायला आडवे तंतू किंवा काचतंतूंचा पातळ थर लागतो. स्वस्त रॉड नेमका इथे कच्चा असतो. गुंडाळी किंवा फीत सैल पडली तर थरांत हवा अडकते आणि रॉड भलत्याच ठिकाणी कडकन मोडतो.

टनाचा आकडा : रॉडवरचे २४, ३० किंवा ४० टन म्हणजे तंतूचा ताठपणा, दर चौरस मिलिमीटरला टनांत. काचतंतूचा हा आकडा ७ च्या आसपास असतो. टन वाढले की तोच ताठपणा पातळ भिंतीत मिळतो, रॉड हलका होतो, माशाची चाहूल हाताला लवकर लागते. मात्र पातळ भिंत धक्का सोसत नाही. या आकड्यावरून मजबुती ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. आयएम६, आयएम७ ही खरे तर हेक्सेल कंपनीच्या तंतूंची नावे. ती छापलेल्या प्रत्येक रॉडमध्ये तो तंतू असेलच असे नाही. जांभ्याच्या किंवा काळ्या खडकावरून गरवणाऱ्याला २४ ते ३० टनांचा, बुडाशी काचतंतू मिसळलेला रॉडच पुरतो. ४० टनांचा रॉड होडीतून हलके लुअर (बनावट आमिष) फेकायला ठीक.

पारख : रॉड जोडून बुडाकडून एका डोळ्याने पाहावे, सगळ्या गाईड (दोरी ओवण्याच्या कड्या) एका रेषेत हव्यात. जोड हलवल्यावर खटखटू नये. प्रत्येक गाईडच्या कड्यातून कापूस फिरवावा. तंतू अडकले तर कड्याला चीर आहे, आणि ती ब्रेड लाइन (विणलेली दोरी) कापणारच. गाईडच्या पायांवरचा दोरा राळेने पूर्ण झाकलेला हवा. फट राहिली तर खारे पाणी आत शिरते, पाय गंजतो आणि राळेखाली तपकिरी डाग दिसू लागतो. ब्रेड लाइनसाठी सिलिकॉन कार्बाइडची कडी उत्तम, अॅल्युमिनियम ऑक्साइडचीही चालतात. खाडीवरून आल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुऊन, जोड सुटा करून सावलीत वाळवावा.

मोडण्याची कारणे : फेकताना शिशाचे जिग (वजनदार बनावट आमिष) ब्लँकवर आपटते किंवा रॉड खडकावर पडतो. वरून खरचटाही दिसत नाही, पण आतले तंतू तुटलेले असतात. पुढे कधीतरी मोठा मासा लागला की रॉड त्याच जागी जातो आणि दोष माशाच्या वजनाला दिला जातो. दुसरे कारण म्हणजे मासा पायाशी आल्यावर रॉड उभा धरून त्याला उचलणे. मग सगळा वाक शेंड्याच्या वीतभर भागावर येतो. तेव्हा रॉड खाली झुकवून हातजाळे वापरावे. अडकलेला गळही रॉड वाकवून सोडवू नये. रॉड दोरीच्या सरळ रेषेत धरून, रीळ दाबून मागे सरकावे.

धोका : कार्बनमधून वीज वाहते. पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येताच रॉड खाली ठेवून निवारा गाठावा. खाडीकाठी विजेच्या तारांखालून जाताना रॉड सुटा करून आडवा धरावा.