पदार्थ यामिकी : संशोधन आणि अध्ययनाच्या संधी

पदार्थ यामिकी : धातू, काच, काँक्रीट, पॉलिमर, हाड असा कोणताही घन पदार्थ भाराखाली कसा ताणला जातो, वाकतो, शिणतो आणि शेवटी का तुटतो, याचा अभ्यास करणारी विज्ञानशाखा. स्थापत्य, यंत्र, विमान आणि धातू अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या विभागांत ती शिकवली जाते, भौतिकीतही तिचे संशोधक सापडतात. त्यामुळे एकाच विभागाच्या जाहिराती पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेतून बऱ्याच जागा सुटतात.

विषय जुना आहे. भिंतीत रोवलेली तुळई किती भार पेलेल, हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडला. भार आणि लांबीतील वाढ यांचे प्रमाण हूकने १६७८ मध्ये सांगितले, तर प्रतिबलाची, म्हणजे पदार्थाच्या आत दर एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाची, आज वापरली जाणारी कल्पना कोशीने १८२२ च्या सुमारास दिली. पोलाद किती लवते याचे उत्तर त्याच्या सुमारे २०० गिगापास्कल यंग गुणांकावरून, म्हणजे ताठपणाच्या मापावरून, सहज काढता येते. ते कधी तुटेल, हा प्रश्न मात्र कितीतरी अवघड आहे. अणूंमधील बंधांवरून हिशेब केला तर येणारे बळ प्रत्यक्षातल्या बळाच्या अनेक पटींनी जास्त निघते. ही तफावत काचेतील सूक्ष्म भेगांमुळे पडते, हे ग्रिफिथने १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवले. धातूंच्या बाबतीत टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे डिसलोकेशनची, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या मांडणीत पडलेल्या रेषीय दोषाची कल्पना मांडली. पदार्थाचे बळ त्याच्यातील दोषांवरून ठरते, हे तेव्हापासून या शाखेचे मध्यवर्ती सूत्र बनले.

आज संशोधनाला सर्वांत मोठा वाव आहे तो लांबी आणि काळ यांच्या निरनिराळ्या मोजपट्ट्या एकमेकींना जोडण्यात. तांब्यातील डिसलोकेशन एका उडीत सुमारे ०.२५ नॅनोमीटर सरकते, पण ज्या पुलाची वा पात्याची चिंता असते ते काही मीटर लांब असते. काळाची दरी तर याहून रुंद आहे. अणूंच्या हालचालींचे संगणकीय सादृशीकरण साधारण एका फेम्टोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागाच्या) पावलाने पुढे सरकते, म्हणून त्यात नमुना फार वेगाने ताणावा लागतो आणि विकृतीचा, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाचा, दर सेकंदाला १० कोटींपर्यंतही जातो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या ताण-चाचणीत हाच दर सेकंदाला सुमारे ०.००१ असतो. टर्बाइनच्या पात्यातील क्रीप, म्हणजे सततच्या भाराखाली होणारे संथ ताणले जाणे, तर वर्षानुवर्षे चालते. एका टोकाला मिळालेले उत्तर दुसऱ्या टोकाला कितपत विश्वासाने लावायचे, यावर काम करणाऱ्यांची गरज लवकर संपणारी नाही.

या कामात प्रयोगाचे मोल कमी लेखले जाते, आणि ते योग्य नाही. साधी ताण-चाचणीच पाहा. मऊ पोलादाचा नमुना यंत्राच्या जबड्यांत धरून ओढला की आलेख आधी सरळ चढतो, मग एकदम थोडा खाली येऊन अडखळत आडवा जातो, पुन्हा चढतो. कमाल भारानंतर नमुन्याची मान बारीक होऊ लागते आणि मध्यभागी सूक्ष्म पोकळ्या जन्मून एकमेकींना मिळतात. तुटल्यावर एक तुकडा पेल्यासारखा आणि दुसरा शंकूसारखा दिसतो. नमुन्यावर आधी पांढरा रंग देऊन त्यावर काळे ठिपके उडवले असतील, तर कॅमेऱ्याने ते ठिपके टिपून पृष्ठभागावरील जवळजवळ प्रत्येक भागाची विकृती मोजता येते. डिजिटल इमेज कोरिलेशन या नावाची ही पद्धत १९८० च्या दशकात पुढे आली आणि तिने प्रायोगिक यामिकीचा चेहरामोहरा बदलला. मार्गदर्शक निवडताना त्याच्या गटात विद्यार्थी स्वतःच्या हाताने नमुने घासतात, पॉलिश करतात आणि तोडतात का, हे जरूर विचारावे. केवळ सादृशीकरण करणाऱ्यालाही त्या अनुभवाचा उपयोग होतो.

नवे विषयही भरपूर आहेत. त्रिमितीय छपाईने बनवलेल्या धातूच्या भागांत छिद्रे आणि अवशिष्ट (बाहेरचा भार नसतानाही आत उरलेली) प्रतिबले राहतात, त्यामुळे त्यांचे थकवा-आयुष्य, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराखाली ते किती टिकतील हे, सांगणे कठीण जाते. हायड्रोजनच्या नळांत आणि टाक्यांत पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो. लिथियम शोषून घेताना सिलिकॉन सुमारे ३०० टक्क्यांपर्यंत फुगते आणि बॅटरीतील त्याचे कण फुटतात, म्हणजे रसायनशास्त्राचा वाटणारा प्रश्न अखेर भेगा कशा वाढतात हे सांगणाऱ्या भंग यामिकीपाशी येऊन थांबतो. मऊ ऊती आणि जाळीदार रचनेचे कृत्रिम पदार्थ या क्षेत्रांतही कामाला वाव आहे.

पीएच.डी. हे संशोधनात शिरण्याचे नेहमीचे दार. युरोपात बऱ्याच ठिकाणी डॉक्टरेटची जागा ठरावीक प्रकल्पाला जोडलेली आणि पगारी असते. अर्जदाराकडे आधीच पदव्युत्तर पदवी असावी अशी अपेक्षा असते. अमेरिकेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो, पण सुरुवातीला अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा पार करावी लागते. पुढे पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधनपद), विद्यापीठातील अध्यापन, राष्ट्रीय प्रयोगशाळा किंवा विमान आणि ऊर्जा उद्योगांतील संशोधन विभाग असे रस्ते फुटतात.

अर्जात गुणांपेक्षा वजन पडते ते केलेल्या कामाचे. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही त्यालाही सुरुवात करता येते. अणूंच्या पातळीवर लॅम्प्स, स्फटिकी प्लॅस्टिसिटीसाठी (स्फटिकांच्या कायमच्या आकारबदलासाठी) डामास्क, उष्णता, बल अशा अनेक प्रक्रिया एकत्र येणाऱ्या बहुभौतिकी प्रश्नांसाठी मूस ही मुक्तस्रोत साधने कोणालाही उतरवून घेता येतात. त्यांतले एखादे वापरून प्रसिद्ध झालेला एखादा निकाल स्वतः पुन्हा काढून दाखवला, तर तो शिफारसपत्राइतकाच बोलका ठरतो. इटलीतील उदिने येथे १९६८ पासून असलेले आंतरराष्ट्रीय यामिकी केंद्र तरुण संशोधकांसाठी अल्पमुदतीचे प्रगत अभ्यासवर्ग भरवते. सैद्धांतिक आणि उपयोजित यामिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची परंपरा १९२४ च्या डेल्फ्ट येथील परिषदेपासूनची आहे. आता ही परिषद साधारण दर चार वर्षांनी भरते.