हवेच्या दाबावरून ट्रकचं वजन

अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांवर अठरा चाकी सेमी ट्रकला एकूण 80,000 पौंड, म्हणजे साधारण 36 टन वजनाची मुभा आहे. पण तेवढ्यात बसलं म्हणजे सुटलं, असं नाही. ट्रॅक्टरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाच्या, मागच्या जोडअॅक्सलवर (जवळजवळ बसवलेल्या दोन अॅक्सलवर) आणि ट्रेलरखालच्या जोडअॅक्सलवर प्रत्येकी 34,000 पौंडांच्या वर भार चालत नाही. बैलगाडी भरताना ती धुरजड होतेय की उलाळ, हे बघावं लागतं, तसंच हे. माल तेवढाच असला तरी चुकीच्या जागी रचला की दंड बसतो.

आणि तो बसायलाच हवा. 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवले गेले. रस्त्याची झीज अॅक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हा ठोकताळा त्या प्रयोगातून आला. भार 20 टक्क्यांनी वाढला तर झीज जवळजवळ दुप्पट!

शेतात धान्य किंवा जंगलात ओंडके भरताना वजनकाटा जवळपास नसतो. तिथे ट्रकवरचाच काटा कामी येतो. त्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे हवेच्या सस्पेन्शनला जोडलेला दाबमापक. भार वाढला की गाडी किंचित खाली बसते, उंची राखणारा व्हॉल्व्ह रबरी फुग्यांत आणखी हवा सोडतो आणि दाब वाढतो.

हा दाब म्हणजे वजन नव्हे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवायला हवं. चाकं आणि अॅक्सल फुग्यांच्या खाली असतात. त्यांचा भार रस्त्यावर पडतो, पण फुग्याला कळत नाही. म्हणून प्रमाणित काट्यावर गाडी दोनदा तोलतात, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली. समजा, रिकामी असताना दाब 20 पीएसआय (दर चौरस इंचाला 20 पौंड) आणि जोडअॅक्सलवर 13,000 पौंड भरले. माल भरल्यावर 65 पीएसआय आणि 33,250 पौंड. म्हणजे दर पीएसआयला 450 पौंड, आणि फुग्यांना न दिसणारे 4,000 पौंड वेगळे. दाबमापक एका पीएसआयने चुकीचा वाचला, तर हिशेब सुमारे 200 किलोंनी चुकतो. म्हणून मर्यादेच्या अगदी कडेला जाऊन माल भरणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

वाचन घेताना जमीन सपाट हवी आणि ब्रेक सोडलेले हवेत. ब्रेक लावलेले असले तर सस्पेन्शन अडकून राहतं आणि आकडा फसवा येतो.

ट्रॅक्टरच्या जोडअॅक्सलवर भार जास्त दिसला, तर ट्रेलरखालची सरकती चाकं खिळ काढून पुढे घेतात. त्यामुळे ट्रॅक्टरवरचा काही भार ट्रेलरच्या चाकांवर येतो. स्टिअरिंगच्या अॅक्सलखाली बऱ्याच ट्रकना हवेच्या फुग्यांऐवजी पोलादी पाटेच असतात, तिथे हा मापक काहीच सांगत नाही. त्यासाठी पाट्याचा वाक मोजणारा वेगळा सेन्सर लागतो. शिवाय टाकीत 100 गॅलन डिझेल भरलं की सुमारे 700 पौंड वाढतात, तेही मुख्यतः ट्रॅक्टरच्याच अॅक्सलवर.

फुगा बदलला किंवा व्हॉल्व्हची उंची हलवली, तर जुनी जुळणी निकामी होते. कमीजास्त उंचीवर फुग्याचं भार पेलणारं क्षेत्रफळ बदलतं, आणि त्याच वजनाला दाब वेगळा दिसतो. मग गाडी पुन्हा रिकामी आणि भरलेली तोलून घ्यावी लागते.